उत्पलेचा अंतरपाट

या, असे पुढे सरकून बसा. मागे खांबाला टेकलं की कथा कानावरून निघून जाते आणि डोळे आपली वेगळीच कथा बघू लागतात. दिवा जरा इकडे घ्या. आज सांगणार आहे ती ज्यांच्या नावानं शंख फुंकले गेले अशा वीरांची कथा नाही. पांडव-कौरवांच्याच काळातली, त्यांच्याच रणाच्या उंबरठ्यावरची, पण एका आडबाजूच्या घराची आहे. हिच्यात गदा आहे, प्रतिज्ञा तर पोत्यानं आहेत, खीर आहे, आणि दोन भावांच्या मधोमध धरलेलं एक फडकं आहे. त्या फडक्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्या सकाळी उत्पलेच्या हातात तेच होतं.

दृषद्वतीच्या काठी अरुणस्थल म्हणून छोटंसं राज्य. राजवाड्याच्या मागच्या अंगणात उत्पला ते फडकं वाळत घालत होती. एके काळी ते केशरी होतं. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक होतं, त्याची आता नुसती सावली उरली होती. चारी कोपऱ्यांना ठिगळं, आणि एका कडेला खिरीचा डाग, जो कुठल्याही रिठ्याला दाद देत नव्हता.

"वन्सं, पडदा वाळला का?" थोरली भावजय रोचना दारातून म्हणाली. "पानं मांडून झाली. पाहुणे हात धुऊन बसलेत. काका नेहमीसारखे उभे आहेत."

"ओला असला म्हणून काय बिघडतं? आरपार दिसत नाही ना, झालं."

हा पडदा म्हणजे उत्पलेच्याच लग्नातला अंतरपाट. झालं असं, की तिच्या लग्नात पाहुण्यांच्या करमणुकीसाठी तिचे दोघे भाऊ गदा घेऊन उतरले होते. थोरला धृष्टकीर्ती आणि धाकटा पृथुयश. एक टोला बसला, दोघं एकमेकांच्या अंगावर कोसळले, आणि उठले ते भांडतच. थोरला म्हणे मी जिंकलो. धाकटा म्हणे तुम्ही बेंबीखाली मारलंत. खरं काय ते कुणालाच सांगता येईना, कारण मंडपातले सगळे त्या वेळी नवरी बघत होते. मग दोघांनी ओंजळीत पाणी घेतलं. थोरल्यानं प्रतिज्ञा केली, हा भर सभेत माझी गदा श्रेष्ठ म्हणत नाही तोवर ह्याचं तोंड पाहणार नाही. धाकट्यानं केली, हे बेंबीखाली मारल्याचं कबूल करत नाहीत तोवर ह्यांच्याशी एक शब्द बोलणार नाही. त्यांच्या आईनं घाबरून हाताला लागेल ते वस्त्र उचलून दोघांच्या मध्ये धरलं. ते हे.

तेव्हापासून ते धरलेलंच होतं. आई गेली, वडील गेले, उत्पला पांढऱ्या वस्त्रात माहेरी परत आली, तरी पंक्तीत, यज्ञात, दरबारात दोन सेवक दोन टोकांनी पडदा धरून उभे असत. थोरला पलीकडचं बघत नसे, धाकटा पलीकडच्याशी बोलत नसे.

आणि हे घर एकट्या ह्या दोघांमुळेच असं होतं असं समजू नका. अरुणस्थलच्या पुरुषांना प्रतिज्ञा करण्याची खोडच होती. बलाहककाकांचे घोडे त्रिगर्तांनी पळवले, तेव्हा ते परत आणीपर्यंत बसणार नाही असं काका बोलून गेले. तेव्हापासून ते उभे राहत किंवा आडवे होत. मधली स्थिती नाही. ते घोडे केव्हाच म्हातारे होऊन मेले असणार, पण काकांनी प्रतिज्ञेत ते जिवंत असावेत असं घातलं नव्हतं. वडील महाराजांनी तर, दोघं मुलं पडद्याविना एका पंक्तीला बसल्याशिवाय डोळे मिटणार नाही, अशी प्रतिज्ञा केली होती. ती मोडून ते गेले. त्या घराण्यात मोडलेली ती एकच प्रतिज्ञा, आणि दोन्ही मुलं त्याबद्दल मनातून अजून त्यांच्यावर रुसलेली होती.

उत्पलेनं कधी प्रतिज्ञा केली नाही. तिला वेळच मिळाला नव्हता.

"वन्सं, खरं सांगू?" रोचना जवळ आली. "काल ह्यांना मी म्हटलं, तुम्ही पांडवांकडे जा, माझं काही म्हणणं नाही. पण धाकटे भावोजी हस्तिनापूरकडे जाणार म्हणताहेत. मग? म्हणाले, मग काय, समोरासमोर येऊ, फैसला होईल. आणि नुसते हसले हो. मला झोप नाही."

"मलाही नाही," मागून आवाज आला. धाकटी भावजय केतकी तुपाचं भांडं घेऊन उभी होती. ह्या दोघी जावा आपापल्या नवऱ्यांच्या बाजूनं इतकी वर्षं एकमेकींना टोमणे मारत आल्या होत्या. केतकीनं भांडं खाली ठेवलं. "आमच्याकडचे गदेला तेल चोळताहेत. लग्नात माझ्याकडे बघितलं नसेल इतक्या प्रेमानं गदेकडे बघतात. वन्सं, उद्या निघतील दोघं. एक जण परत येईल आणि तो दुसऱ्याला मारून आलेला असेल. मग मी ह्या जाऊबाईंशी एका चुलीवर स्वयंपाक कसा करायचा?"

"तशी तू आत्ता तरी कुठं करतेस," रोचना म्हणाली, आणि मग दोघींना एकदमच रडू आलं.

उत्पलेनं पडदा दोरीवरून ओढला. ओला होता, जड लागला. ती म्हणाली, "रडू नका. खीर कुणी ढवळतंय का? लागेल खाली."

ती आत गेली ती मात्र दाराशी क्षणभर थांबून. हातातल्या फडक्याकडे तिनं पाहिलं, आणि एक साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली, जी त्या घरातल्या एकाही शूराच्या ध्यानात आली नव्हती.

पंक्तीत पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. सातूचे घारगे, दही, मध, तुपाची वाटी. मधोमध सेवकांनी ओला पडदा ताणून धरला. अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. थोरल्याच्या बाजूला पांडवांकडून आलेला दूत, धाकट्याच्या बाजूला हस्तिनापूरचा दूत. दोघेही पहिल्या दिवशी ह्या पडद्याला बिचकले होते. आता सवयीनं त्याला हात पुसायला लागले होते.

"काका," पृथुयश उभ्या असलेल्या काकांना म्हणाला, "कुणी विचारत असेल तर सांगा, मी कौरवांना शब्द दिलाय. पडद्यापलीकडच्यांच्या छातीवर गदा घालायला येतो, असा शब्द."

"उत्पले," पडद्याआडून धृष्टकीर्ती म्हणाला, "त्याला सांग, छातीवरच घाल म्हणावं. आणि त्याला बेंबी कुठं असते ते विसरायची सवय आहे, तेही सांग."

"त्यांना सांग, विसरतो कोण ते मंडपात सगळ्यांनी बघितलंय."

"कुणीही बघितलेलं नाही," उत्पला म्हणाली. "सगळे माझ्याकडे बघत होते. तो एक दिवस मला मिळाला होता, तोही तुम्ही दोघांनी घेतलात. घारगा वाढू का?"

बलाहककाका उभ्या उभ्या घारगा चावत म्हणाले, "मी थोरल्याच्या बाजूचा." रोचनेनं नुकतंच त्यांच्या वाटीत तूप घातलं होतं. लगेच केतकीनं मध वाढला, तेव्हा काका म्हणाले, "अर्थात धाकट्याचं म्हणणंही विचार करण्यासारखं आहे."

"दादा," उत्पलेनं विचारलं, "तू पांडवांकडे का चाललायस?"

"का म्हणजे? त्यांच्या दूतानं माझी गदा उचलून बघितली. म्हणाला, अशी गदा तिकडच्या दळात नाही."

"आणि तू, पृथू?"

"ते तिकडे चाललेत म्हणून."

"बरं. म्हणजे कुणाचं राज्य कुणी बळकावलं, भर सभेत कुणाच्या वस्त्राला हात घातला, ते सगळं तुमच्या गावीही नाही."

मायबाप, इथं आपण हसतो, पण जरा थांबून विचार करा. साक्षात द्वारकेचा सावळा एका बाजूला हातात शस्त्र न घेता घोड्यांचे लगाम धरून बसायला निघाला होता, आणि ह्या दोघांना त्याच्यापेक्षा एक जुना टोला मोठा वाटत होता. आपलंही असंच असतं. देव दारात उभा असतो आणि आपण शेजाऱ्याच्या कुंपणाचं काय ते बघत असतो.

"शौल्कायनांना बोलवा," उत्पला म्हणाली.

शौल्कायन हे पुरोहित. ह्या घराण्याच्या सगळ्या प्रतिज्ञांचं पाणी त्यांच्याच कमंडलूतून पडलेलं. प्रत्येक प्रतिज्ञेमागे एक गाय मिळत असल्यामुळे त्यांचा गोठा भरलेला आणि स्वभाव शांत होता. ते येऊन दर्भासनावर बसले.

"आचार्य, माझ्या भावांनी माझ्या लग्नात काय शब्द उच्चारले ते सांगा. जसेच्या तसे."

शौल्कायनांनी डोळे मिटून दोन्ही प्रतिज्ञा म्हटल्या. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"त्यात, युद्धात सोडून, असं काही आहे?"

"नाही."

"रणांगणावर हे लागू नाही, असं?"

"तसं म्हणाले असते तर मी ऐकलं असतं. मी तिथंच होतो."

उत्पला भावांकडे वळली. म्हणजे आधी पडद्याच्या एका बाजूला आणि मग दुसऱ्या. "दादा, समोर उभं राहून ज्याच्या छातीवर गदा घालायची त्याचं तोंड बघावं लागतं. तुला ते बघता येणार नाही. मग मारणार कसा?"

पडद्याआड घारगा चावल्याचा आवाज थांबला.

"डोळ्यांवर पट्टी बांधीन," धृष्टकीर्ती म्हणाला.

"हस्तिनापुरात एकीनं बांधली होती. तिथं काय होऊन बसलंय ते आपण बघतोच आहोत."

"मागच्या वसंतात डोळे बांधून नेम धरला होता यानं," काका म्हणाले. "गोठ्याचा खांब पडला. आचार्यांच्या गाईंना अजून धडकी आहे."

"मग तोंड फिरवून मारीन."

"अरुणस्थलचा राजा शत्रूकडे पाठ करून उभा," उत्पला म्हणाली. "बरं दिसेल."

पलीकडे पृथुयश हसला. जोरात हसला. उत्पला लगेच त्याच्याकडे वळली. "तू काय हसतोस? युद्धाला आव्हान द्यावं लागतं. आपलं नाव, आपलं कूळ सांगून, समोरच्याचं नाव घेऊन. तू त्याच्याशी एक शब्द बोलणार नाहीस. मग त्याला आव्हान कसं देणार?"

"माझा सारथी देईल."

"आचार्य?"

"ज्याची गदा त्याचंच तोंड," शौल्कायन म्हणाले. "दुसऱ्याच्या तोंडून आव्हान देऊन मारणं म्हणजे चोरून मारणं. आव्हानाशिवाय तर मुळीच नाही."

"खुणेनं देईन."

"कसं?"

पृथुयशानं गदा उचलल्याचा हावभाव केला, मग स्वतःच्या छातीवर थापा मारल्या, मग पडद्याकडे बोट केलं. बलाहककाका म्हणाले, "पोटात दुखत असल्यासारखं वाटतं." केतकीनं तोंडाला पदर लावला.

पंक्तीत आता कुणीच जेवत नव्हतं. एवढी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहत दोघांनी गदा घासल्या, तो दिवस त्यांच्या स्वतःच्याच शब्दांनी त्यांच्या हातून काढून घेतला होता. आणि प्रतिज्ञा मोडावी हे त्या दोघांच्या स्वप्नातही येण्यासारखं नव्हतं.

पृथुयश हळूच म्हणाला, "मग मी तिकडे जाऊन करू काय?"

"महाराज," हस्तिनापूरचा दूत घाईनं म्हणाला, "पलीकडे इतरही शत्रू आहेत की. पुष्कळ आहेत."

"त्यांचं माझं काही वाकडं नाही."

"पण आपण शब्द दिलात. भावाच्या छातीवर गदा घालायला येतो म्हणालात."

उत्पलेनं शौल्कायनांकडे पाहिलं. ते म्हणाले, "दोन शब्द एकमेकांना अडवू लागले की आधी दिलेला चालतो. ह्यांचा आधीचा लग्नातला. जे त्या शब्दामुळे करताच येत नाही, ते करायला येतो म्हणणं म्हणजे रित्या कमंडलूतून पाणी देणं."

दूतानं उसासा टाकला आणि खिरीची वाटी पुढे केली. रोचनेनं ती काठोकाठ भरली. तिला त्याचं मनापासून वाईट वाटलं.

"मी सांगते तुम्ही काय करायचं," उत्पला म्हणाली. "दोघं एकाच बाजूला जा. द्वारकेचा तो जिकडे बसलाय तिकडे. रथाला रथ लावून उभे राहा. दोघांची तोंडं समोर. कुणी कुणाला बघायचं नाही, कुणी कुणाशी बोलायचं नाही. तुमच्या प्रतिज्ञा तिथं जितक्या नीट पाळल्या जातील तितक्या ह्या घरातही कधी पाळल्या गेल्या नाहीत. मला दोन्हीकडच्या बातम्या नकोत रे. एका शंखाला आनंद आणि दुसऱ्याला सुतक, हे मला एका अंगात सोसायचं नाही. जिंकलात तर दोघं जिंका. मेलात तर एका बाजूला मरा, म्हणजे मला एकाच दिशेला तोंड करून रडता येईल."

पडदा धरणाऱ्या सेवकांचे हात जरा सैलावले. ओलं वस्त्र मधोमध लोंबलं.

"ह्यांच्या शेजारी लढायचं," पृथुयश पुटपुटला. "आणि ह्यांनी तिथंही बेंबीखाली…"

"उत्पले," पडद्याआडून धृष्टकीर्तीचा आवाज आला. त्यात आता टोमणा नव्हता. "त्याला सांग, मी त्याच्या डावीकडे राहीन. डाव्या हातातली ढाल त्याला कधी वर धरता येत नाही. त्याच्या रथाजवळ मी कुणालाही येऊ देणार नाही."

पृथुयशानं मान वर केली. "ताई, विचार त्यांना. इतकी वर्षं बघितलं नाही, मग माझी ढाल खाली असते हे कसं माहीत?"

"लहानपणापासून तशीच असते," पडदा म्हणाला. "किती वेळा सांगितलं होतं त्याला."

पृथुयशानं पत्रावळीतलं दही उगाचच बोटानं फिरवलं. मग म्हणाला, "सांग, डावीकडे या म्हणावं. पण माझ्या घोड्यांच्या पुढे जायचं नाही."

बलाहककाका म्हणाले, "मी पहिल्यापासून हेच सांगत होतो." आणि कुणी त्यांना खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन रथ फाटकाशी उभे राहिले. घोड्यांच्या आयाळीत फुलं, ध्वजांना कोरी वस्त्रं. रोचना आणि केतकी एकाच ताटात निरांजन घेऊन उभ्या होत्या. दोघींचा हात ताटाला होता आणि ओवाळायला कुणाकडून सुरुवात करायची ह्यावरून त्यांचं हळू आवाजात जुंपलं होतं, पण ताट कुणी सोडलं नाही.

सेवकांनी पडदा आणला. उत्पला म्हणाली, "द्या, आज मी धरते." एक टोक तिनं धरलं, दुसरं काकांनी. रथांच्या मध्ये, अलीकडे थोरला उतरून उभा, पलीकडे धाकटा.

"रणात कोण धरणार हा?" काकांनी विचारलं. "सारथ्यांचे हात लगामात असतील."

"कुणी धरणार नाही," उत्पला म्हणाली. "दादा, डोळे मीट."

"का?"

"मीट म्हणते ना."

त्यानं मिटले. घट्ट, लहान मुलं मिटतात तसे. उत्पलेनं हातातलं टोक सोडून दिलं. काकांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनीही सोडलं. तिच्या लग्नातला अंतरपाट धुळीत पडला.

पृथुयशानं पाहिलं. तोंड पाहू नये अशी त्याची प्रतिज्ञा नव्हतीच. ती थोरल्याची. पण पडद्यानं दोघांनाही सारखंच झाकलं होतं. समोर एक म्हातारा उभा होता. मिशा पांढऱ्या, गालांवर रेषा, कपाळ थेट वडील महाराजांचं. पृथुयशाचं तोंड उघडलं आणि बोलता येत नाही हे आठवून मिटलं.

"ताई," तो म्हणाला, "सांग ह्यांना. म्हातारे झाले म्हणावं."

"बहिरा नाही झालो अजून," धृष्टकीर्ती डोळे मिटूनच म्हणाला. "तोही झाला असेल की. उत्पले, कसा दिसतो?"

"तूच बघ."

"बघणार नाही. शब्द आहे माझा."

मग त्यानं दोन्ही हात पुढे केले. गदेनं घट्टे पडलेले ते हात हवेत चाचपडले, खांद्याला लागले, वर सरकले, आणि धाकट्याच्या तोंडावरून फिरू लागले. कपाळ, भुवया, नाक, ते लहानपणी झाडावरून पडल्यावर वाकडं झालेलं नाक. तोंड पाहणार नाही असं तो बोलला होता. चाचपणार नाही असं नव्हता बोलला. शौल्कायनांनी मनातल्या मनात प्रतिज्ञेचे शब्द पुन्हा एकदा तपासून पाहिले आणि मान डोलावली.

"गाल ओले आहेत ह्याचे," धृष्टकीर्ती म्हणाला.

"ताई, सांग, धूळ गेली डोळ्यांत."

"माझ्याही गेली असावी," थोरला म्हणाला, मिटल्या डोळ्यांनी, आणि धाकट्याला त्यानं छातीशी धरलं. एकानं पाहिलं नाही, एकानं शब्द उच्चारला नाही. प्रतिज्ञा दोन्ही जशाच्या तशा राहिल्या. त्या गदेच्या टोल्याचा निवाडाही तसाच राहिला, तो आजवर झालेला नाही.

बलाहककाका वळून आत गेले. दाराच्या उंबऱ्यावर ते क्षणभर टेकले, असं कुणी म्हणतात. पाहिलं कुणीच नाही, कारण त्या वेळीही सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

रथ निघाले. थोरला डावीकडे, धाकट्याच्या घोड्यांच्या बरोबरीनं, पुढे नाही. दोघांची तोंडं समोर. वळणापर्यंत एकच धूळ उडत होती, आणि उत्पला त्या एकाच दिशेला बघत उभी होती. मग तिनं वाकून अंतरपाट उचलला आणि झटकला.

त्या रणातून कोण परतलं आणि कोण नाही, ते सगळं त्या सावळ्याच्या हातात होतं, आणि आज आपण तिथवर जायचं नाही. एवढंच मागणं आहे. आता लग्नसराई येईल. भटजी मंगलाष्टकं म्हणतील, नवरानवरीमधला अंतरपाट उत्तरेकडे ओढला जाईल आणि सगळे अक्षता टाकतील. तुम्ही सगळेच नवरीकडे बघाल, ते ठीकच आहे. पण मुठीतल्या चार अक्षता मागे ठेवा, आणि त्या दृषद्वतीकाठच्या उत्पलेची आठवण करून हळूच टाका.